नोकरीसोबत मिळणारा आरोग्य विमा आणि त्यावरील कराचा भार

नवी दिल्ली : दोन व्यक्ती एकाच विमा कंपनीकडून पाच लाख रुपयांचे आरोग्य विमा संरक्षण घेतात. एकीने ते स्वतःच्या नावाने विकत घेतले आहे, तर दुसरीला ते नोकरीच्या ठिकाणी समूह विम्याच्या रूपाने मिळाले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पहिल्या व्यक्तीच्या हप्त्यावर वस्तू व सेवा कर, म्हणजेच जीएसटी, लागत नाही. दुसऱ्या व्यक्तीसाठी तिच्या नियोक्त्याने भरलेल्या हप्त्यावर मात्र तो पूर्वीप्रमाणेच १८ टक्के दराने लागतो. प्राप्तिकराच्या बाबतीत चित्र नेमके उलटे आहे. नियोक्त्याने भरलेला हप्ता कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरला जात नाही. स्वतः विमा घेणाऱ्याला मात्र नव्या करप्रणालीत त्या हप्त्यावर कोणतीही वजावट मिळत नाही.

एक कर समूह विम्याला महाग करतो आणि दुसरा त्याला स्वस्त करतो. या दोन्हींची बेरीज-वजाबाकी केल्याशिवाय नोकरीसोबतचा विमा खरोखर कितीला पडतो, हे कळत नाही. देशात आरोग्य विम्यापोटी जमा होणाऱ्या एकूण हप्त्यांत समूह विम्याचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. त्यामुळे हा प्रश्न कोट्यवधी नोकरदार कुटुंबांच्या खर्चाशी थेट जोडलेला आहे.

व्यवस्था कशी उभी राहिली

भारतात सर्वसामान्यांसाठीचा आरोग्य विमा ‘मेडिक्लेम’ या नावाने १९८६ मध्ये सुरू झाला. त्या वेळी सर्वसाधारण विमा व्यवसाय सरकारी मालकीचा होता आणि चार सरकारी कंपन्या ही योजना विकत असत. याच काळात प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मध्ये कलम ८०-डी समाविष्ट झाले आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर वजावट मिळू लागली. विमा घेण्यास प्रोत्साहन देणे, हा त्यामागील हेतू होता.

याच हप्त्यावर कर लावण्याची सुरुवात १९९४ मध्ये झाली. १ जुलै १९९४ रोजी देशात सेवाकर लागू झाला, तेव्हा त्याच्या कक्षेत केवळ तीन सेवा होत्या : दूरध्वनी, शेअर दलाली आणि सर्वसाधारण विमा. आरोग्य विमा हा सर्वसाधारण विम्याचाच भाग असल्याने त्यावरही ५ टक्के कर लागला. पुढे हा दर टप्प्याटप्प्याने वाढत गेला आणि विविध उपकरांसह २०१६ मध्ये १५ टक्क्यांवर पोहोचला. १ जुलै २०१७ रोजी सेवाकराची जागा जीएसटीने घेतली आणि दर १८ टक्के झाला. एका हाताने वजावट द्यायची आणि दुसऱ्या हाताने कर घ्यायचा, अशी ही व्यवस्था तीन दशके चालत आली.

या करावरील चर्चेला २०२४ मध्ये वेग आला आणि त्याची एक सुरुवात नागपुरातून झाली. नागपूर विभागातील आयुर्विमा महामंडळ कर्मचाऱ्यांच्या संघटनेने दिलेल्या निवेदनाचा आधार घेत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहिले. जीवन विमा आणि वैद्यकीय विम्याच्या हप्त्यांवरील १८ टक्के कर मागे घ्यावा, अशी मागणी त्यात होती. त्यानंतर विरोधी पक्षांच्या खासदारांनी संसदेच्या आवारात निदर्शने केली. वैद्यकीय विम्यावरील कर जीएसटीपूर्वीही होता, याकडे अर्थमंत्र्यांनी लोकसभेत लक्ष वेधले. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, २०२३-२४ या आर्थिक वर्षात आरोग्य विम्याच्या हप्त्यांवर सुमारे ८,२६३ कोटी रुपयांचा जीएसटी जमा झाला होता.

सप्टेंबर २०२४ मधील बैठकीत जीएसटी परिषदेने हा विषय बिहारचे उपमुख्यमंत्री सम्राट चौधरी यांच्या नेतृत्वाखालील मंत्रिगटाकडे सोपवला. वर्षभरानंतर, ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या ५६ व्या बैठकीत परिषदेने निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक जीवन विमा व आरोग्य विमा करमुक्त झाला. संपूर्ण कुटुंबासाठीच्या फ्लोटर पॉलिसी आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पॉलिसींनाही ही सूट लागू आहे. मात्र ही सूट विमाधारक ‘समूह’ नसेल, तेव्हाच मिळते. नियोक्त्याने कर्मचाऱ्यांसाठी घेतलेली पॉलिसी समूहाची असल्याने तिच्यावरील १८ टक्के कर कायम राहिला.

प्राप्तिकर : समूह विम्याच्या बाजूने

नियोक्त्याने कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यासाठी भरलेला हप्ता हा व्यवसायाचा खर्च मानला जातो. १९६१ च्या अधिनियमातील कलम ३६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. हप्ता रोखीने भरलेला नसावा आणि विमा योजना मान्यताप्राप्त असावी, या तिच्या मुख्य अटी आहेत. पगारावरचा खर्च जसा नफ्यातून वजा होतो, तसाच हा खर्चही वजा होतो.

कर्मचाऱ्याच्या बाजूने पाहता, नोकरीमुळे पगाराखेरीज मिळणाऱ्या लाभांवर सामान्यतः कर लागतो. कंपनीने दिलेले घर किंवा मोटार ही त्याची परिचित उदाहरणे. नियोक्त्याने कर्मचाऱ्याच्या आरोग्य विम्यापोटी भरलेल्या हप्त्याला मात्र कलम १७ मध्ये यातून वगळले आहे. कर्मचाऱ्याने स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या विम्यासाठी भरलेल्या हप्त्याची नियोक्त्याने भरपाई केली, तर मान्यताप्राप्त योजनांच्या बाबतीत तिलाही सूट आहे. ही सूट जुन्या आणि नव्या अशा दोन्ही करप्रणालींत मिळते.

स्वतः विमा घेणाऱ्यासाठी कलम ८०-डी आहे. स्वतः, पती किंवा पत्नी आणि मुले यांच्या हप्त्यापोटी वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत, तर आई-वडिलांच्या हप्त्यापोटी आणखी २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. विमाधारक ज्येष्ठ नागरिक असल्यास ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. प्रतिबंधात्मक तपासणीचा ५,००० रुपयांपर्यंतचा खर्च याच मर्यादेत धरला जातो. परंतु ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली हीच मूळ प्रणाली ठरली असून, जुनी हवी असल्यास तसा पर्याय निवडावा लागतो. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर द्यावा लागत नसल्याने अनेक पगारदार तिकडे वळले. त्यांच्यासाठी कलम ८०-डीचा उपयोग संपला.

वैद्यकीय खर्चाच्या भरपाईवरील सवलतही मागेच संपली आहे. पूर्वी नियोक्त्याकडून मिळणारी वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतची भरपाई करमुक्त असे. २०१८ च्या अर्थसंकल्पात ती काढून त्याऐवजी प्रमाणित वजावट आणली गेली. त्यामुळे पगारदाराला करमुक्त मिळणाऱ्या वैद्यकीय लाभांमध्ये समूह विम्याचे स्थान अधिक मोठे झाले.

१९६१ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ ची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासून करण्याची तरतूद आहे. त्यात कलमांची रचना व क्रमांक बदलले आहेत. वाचकांच्या सोयीसाठी येथे जुने, परिचित क्रमांक दिले आहेत.

जीएसटी : समूह विम्याच्या विरोधात

जीएसटीच्या मूळ रचनेनुसार व्यावसायिकाने आपल्या खरेदीवर भरलेला कर त्याला स्वतःच्या विक्रीवरील करातून वळता करून घेता येतो. याला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. कारखान्याने पोलाद घेतले आणि त्यावर १८ टक्के कर भरला, तर तो कर त्याच्यासाठी अंतिम खर्च ठरत नाही.

आरोग्य विम्याला हा नियम लागू नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १७ च्या पोटकलम ५ मध्ये ज्या खरेदीवर क्रेडिट मिळत नाही, अशांची यादी आहे आणि तीत जीवन व आरोग्य विम्याचा समावेश आहे. एखाद्या कायद्याने नियोक्त्यावर विमा देण्याचे बंधन घातले असेल, तर मात्र क्रेडिट मिळू शकते. ही तरतूद फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आली. कोविड साथीच्या काळात, १५ एप्रिल २०२० रोजी, केंद्रीय गृह मंत्रालयाने कामाच्या ठिकाणांसाठी काढलेल्या कार्यपद्धतीत कामगारांचा वैद्यकीय विमा बंधनकारक करण्याचा उल्लेख होता. त्यामुळे हा अपवाद लागू होतो का, याची चर्चा करसल्लागारांत झाली होती. एरवी बहुतेक खासगी कंपन्या समूह विमा स्वेच्छेने देतात. म्हणून त्यांनी भरलेला १८ टक्के कर त्यांच्याच खात्यावर खर्च म्हणून राहतो.

हा कर ठरावीक रकमेचा नसून हप्त्याच्या टक्केवारीत आहे, हेही लक्षात घ्यावे लागते. समूह विम्याचा हप्ता दरवर्षी नव्याने ठरतो आणि मागील वर्षी किती दावे आले, यावर तो प्रामुख्याने अवलंबून असतो. प्रति कर्मचारी हप्ता १५,००० रुपयांवरून १८,००० रुपयांवर गेला, तर कराची रक्कमही २,७०० रुपयांवरून ३,२४० रुपये होते. उपचार महागले की करही आपोआप वाढतो.

कंपनीचा हिशेब

समजा, चाकण औद्योगिक क्षेत्रातील एका कारखान्यात २०० कर्मचारी आहेत आणि प्रत्येकामागे समूह विम्याचा मूळ हप्ता वर्षाला १५,००० रुपये आहे. एकूण मूळ हप्ता ३० लाख रुपये झाला. त्यावर १८ टक्के दराने ५ लाख ४० हजार रुपये जीएसटी लागला. विमा कंपनीला द्यायची रक्कम ३५ लाख ४० हजार रुपये झाली.

क्रेडिट मिळत नसल्याने ही संपूर्ण रक्कम कारखान्याचा खर्च ठरते आणि नफ्यातून वजा होते. कंपनी सवलतीच्या २२ टक्के दराने प्राप्तिकर भरत असेल, तर अधिभार व उपकरासह तिचा प्रभावी दर २५.१६८ टक्के होतो. त्या दराने सुमारे ८ लाख ९१ हजार रुपयांचा प्राप्तिकर वाचतो आणि निव्वळ भार सुमारे २६ लाख ४९ हजार रुपये राहतो.

वजावटीनंतर ५ लाख ४० हजार रुपयांच्या जीएसटीचा कंपनीवरील खरा भार सुमारे ४ लाख ४ हजार रुपये, म्हणजे मूळ हप्त्याच्या साधारण साडेतेरा टक्के राहतो. नफा कमावणाऱ्या मोठ्या कंपनीला हा दिलासा मिळतो. तोट्यात चाललेल्या लघुउद्योगाला मात्र त्या वर्षी प्राप्तिकरच नसल्याने पूर्ण १८ टक्क्यांचा भार सोसावा लागतो. कर्मचारी कमी, दावे जास्त आणि नफा तुटपुंजा, अशा ठिकाणी विम्याची रक्कम कमी करणे किंवा हप्त्याचा काही भाग पगारातून कापणे, हे मार्ग अवलंबले जातात.

कर्मचाऱ्याचा हिशेब

कंपनी विम्यावर जो खर्च करते, तो एकूण वेतनखर्चाचाच भाग असतो. अनेक नियुक्तिपत्रांत तो वार्षिक वेतनाच्या एकूण आकड्यात, म्हणजे सीटीसीमध्ये, दाखवलेलाही असतो. त्यामुळे हीच रक्कम पगार म्हणून हाती आली असती, तर काय झाले असते, हा प्रश्न रास्त ठरतो.

वरील उदाहरणात एका कर्मचाऱ्यामागे कंपनीचा खर्च करासह १७,७०० रुपये आहे आणि त्यातून १५,००० रुपये मूळ हप्त्याचा विमा मिळतो. विम्याऐवजी हे १७,७०० रुपये पगारात दिले आणि कर्मचाऱ्याने त्यातून करमुक्त वैयक्तिक विमा घेतला, तर त्याच्या हाती उरणारी रक्कम त्याच्या प्राप्तिकराच्या टप्प्यावर अवलंबून राहील. भविष्य निर्वाह निधीचा परिणाम बाजूला ठेवून नव्या करप्रणालीनुसार ही आकडेमोड अशी होते :

करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने ज्याला कर लागत नाही, त्याच्याकडे पूर्ण १७,७०० रुपये राहतात.

१५ टक्क्यांच्या टप्प्यातील कर्मचाऱ्याकडे उपकर धरून सुमारे १४,९३९ रुपये राहतात.

२० टक्क्यांच्या टप्प्यात सुमारे १४,०१८ रुपये राहतात.

३० टक्क्यांच्या टप्प्यात सुमारे १२,१७८ रुपये राहतात.

दोन्ही पर्याय ज्या बिंदूवर समान ठरतात, तो प्राप्तिकर दर सुमारे १५.२५ टक्के येतो. त्याहून अधिक दराने कर भरणाऱ्याला करांच्या दृष्टीने समूह विमाच फायद्याचा आहे. ज्याला कर लागत नाही, त्याच्यासाठी मात्र समूह विम्यावरील जीएसटी हा निव्वळ वाढीव भार ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी दोन्ही प्रकारांवर समान जीएसटी असल्याने हा फरक नव्हता. म्हणजेच समूह विम्यावर कायम राहिलेल्या कराचा तुलनात्मक भार कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांवर अधिक पडतो.

ही तुलना केवळ करांची आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. समूह विम्याचे इतर लाभ मोठे आहेत. त्यासाठी सहसा वैद्यकीय तपासणी होत नाही, आधीपासून असलेल्या आजारांनाही बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते आणि प्रसूतीचा खर्चही अनेकदा समाविष्ट असतो. वैयक्तिक विम्यात आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा कालावधी असू शकतो. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीला १८ टक्के कर वाचवण्यासाठी समूह विमा सोडणे परवडणारे नाही.

वैयक्तिक विम्यावरील कर शून्य झाला म्हणून त्याचा हप्ता नेमका तेवढाच उतरतो, असेही नाही. पूर्वी ११८ रुपये देणाऱ्याला आता १०० रुपये द्यावे लागले, तर बचत १५.२५ टक्के होते. परंतु विक्री करमुक्त झाल्याने विमा कंपन्यांना दलाली, कार्यालयीन सेवा इत्यादींवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळत नाही. हा भार कोणी सोसायचा, हे कंपनीच्या दरनिश्चितीवर अवलंबून राहते.

आई-वडिलांचा विमा आणि टॉप-अप

अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या आई-वडिलांना समूह विम्यात घेण्याची सोय देतात आणि त्यांचा हप्ता कर्मचाऱ्याच्या पगारातून कापतात. हा हप्ता ४०,००० रुपये असेल, तर जीएसटीसह कपात ४७,२०० रुपये होते. पॉलिसी समूहाची असल्याने पैसे कर्मचाऱ्याच्या खिशातून गेले, तरी करमाफी मिळत नाही. जुनी करप्रणाली निवडलेल्या कर्मचाऱ्याला स्वतः भरलेल्या या रकमेवर कलम ८०-डीची वजावट मागता येते. नियोक्त्याने भरलेल्या हिश्श्यावर ती मागता येत नाही.

पगारातून अशी कपात करणारी कंपनी ही कर्मचाऱ्याला विमा सेवा ‘पुरवते’ का आणि त्या वसुलीवर पुन्हा जीएसटी लागतो का, हा प्रश्न महाराष्ट्राच्या अग्रिम अधिनिर्णय प्राधिकरणापुढे २०१८ मध्ये आला होता. विमा देणे हा संबंधित कंपनीचा व्यवसाय नसल्याने आई-वडिलांच्या हप्त्याची वसुली ही सेवापुरवठा ठरत नाही, असा निर्णय प्राधिकरणाने पुण्यातील एका कंपनीच्या प्रकरणात दिला. असा निर्णय केवळ संबंधित अर्जदार आणि त्याचे कर अधिकारी यांच्यापुरताच बंधनकारक असतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने जुलै २०२२ मधील परिपत्रकात, नोकरीच्या करारानुसार नियोक्त्याने कर्मचाऱ्याला दिलेल्या लाभांवर जीएसटी लागत नाही, असे स्पष्ट केले आहे.

टॉप-अप विम्याच्या बाबतीत फरक अधिक ठळक आहे. मूळ विमा संपल्यानंतरचा खर्च उचलणारी ही पॉलिसी कंपनीच्या मनुष्यबळ विभागामार्फत समूह योजनेत घेतली, तर तिच्यावर १८ टक्के कर लागतो. तशीच पॉलिसी कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावाने थेट घेतली, तर कर लागत नाही. समूहाचा दर कमी असू शकतो. म्हणून निर्णय घेताना दोन्ही हप्ते करासह शेजारी मांडून पाहणे हिताचे ठरते.

आई-वडिलांचे वय ७० किंवा अधिक असल्यास आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत या वयाच्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार संरक्षण खुले झाले आहे. खासगी विमा असलेल्यांनाही ते घेता येते.

कर्मचारी राज्य विमा : वेगळी वाट

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि योजनेच्या कक्षेतील आस्थापनेत काम करणाऱ्या कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना आहे. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही योजना फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्यानंतर हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या कक्षेत आला. जुलै २०१९ पासून नियोक्त्याचे अंशदान वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के आहे.

२०,००० रुपये वेतनावर नियोक्त्याचे ६५० आणि कामगाराचे १५० असे दरमहा ८०० रुपये, म्हणजे वर्षाला ९,६०० रुपये जमा होतात. महामंडळाने विमाधारकांना दिलेल्या सेवा जीएसटीतून मुक्त असल्याने या रकमेवर १८ टक्क्यांची भर पडत नाही. उपचारांसोबत आजारपणातील रजेचे पैसे, प्रसूती लाभ आणि अपंगत्व लाभ यांचाही त्यात समावेश असतो.

वेतन २१,००० रुपयांच्या वर गेले की चालू अंशदान कालावधी संपल्यावर कामगार योजनेबाहेर पडतो. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत. त्यानंतर आरोग्य विमा देण्याचे सर्वसाधारण कायदेशीर बंधन खासगी नियोक्त्यावर उरत नाही. त्याने स्वेच्छेने समूह विमा दिला, तर त्यावर १८ टक्के कर लागतो आणि क्रेडिटही मिळत नाही. काहीशे रुपयांच्या वेतनवाढीने कामगार करमुक्त विम्यातून करपात्र विम्यात, किंवा विम्याशिवायच्या स्थितीत जाऊ शकतो. वेतनमर्यादा वाढवण्याची कामगार संघटनांची मागणी या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. सध्याची मर्यादा जानेवारी २०१७ पासून तशीच आहे.

बिलातला न दिसणारा कर

विम्याचा हप्ता दाव्यांवर ठरतो आणि दाव्यांची रक्कम रुग्णालयाच्या बिलावर. आरोग्यसेवेवर सामान्यतः जीएसटी नाही. परंतु सेवा करमुक्त असल्याने रुग्णालयांनी उपकरणे, साहित्य आणि बाह्य सेवांवर भरलेल्या कराचे क्रेडिट त्यांना मिळत नाही. तो कर उपचारांच्या दरात मिसळतो. जुलै २०२२ पासून अतिदक्षता विभाग वगळता दिवसाला ५,००० रुपयांहून अधिक भाडे असलेल्या रुग्णालयीन खोलीवर ५ टक्के कर आहे. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत बहुतांश औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आणि ३६ जीवरक्षक औषधांवरील कर शून्यावर आला. समूह विमाधारकाच्या बाबतीत बिलातील अशा कराचा अंश हप्त्यात उतरतो आणि त्या हप्त्यावर पुन्हा १८ टक्के कर लागतो.

नोकरी सुटल्यावर

करसवलतीमुळे विमा नोकरीशी बांधला जातो, हा अनुभव भारतापुरता मर्यादित नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून, वेतनवाढीवर नियंत्रण आले तेव्हा कंपन्यांनी कामगार टिकवण्यासाठी आरोग्य विमा देण्यास सुरुवात केली. १९५४ च्या करसंहितेने नियोक्त्याचा हप्ता कर्मचाऱ्याच्या उत्पन्नातून स्पष्टपणे वगळला आणि नोकरीमार्फत विमा ही तेथील मुख्य पद्धत बनली. पुढे २०१० च्या आरोग्य कायद्यात महागड्या समूह योजनांवर ४० टक्के उत्पादन कराची तरतूद झाली. ती वारंवार पुढे ढकलली गेली आणि अमलात येण्यापूर्वीच २०१९ मध्ये रद्द झाली. दिलेली सवलत नंतर मर्यादित करणे किती कठीण असते, हे त्यातून दिसते.

भारतातही नोकरी सुटली किंवा निवृत्ती आली की समूह विमा संपतो. वय वाढलेले, आजार जडलेले आणि नवा विमा मिळणे अवघड, अशी ती वेळ असते. समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची सोय विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांत आहे. त्यासाठी मुदतीत अर्ज करावा लागतो. अर्ज विमा कंपनीच्या जोखीम मूल्यांकनाच्या अधीन असतो. मात्र समूहात काढलेला काळ प्रतीक्षा कालावधीसाठी धरला जातो. स्थलांतरानंतरची पॉलिसी वैयक्तिक असल्याने तिच्यावर जीएसटी लागत नाही.

नोकरदारांनी वर्षातून एकदा, शक्यतो समूह विम्याच्या नूतनीकरणापूर्वी, चार बाबी तपासाव्यात : सीटीसीमध्ये दाखवलेली विम्याची रक्कम करासह आहे की कराविना, आई-वडिलांच्या हप्त्यापोटी पगारातून नेमकी किती कपात होते, टॉप-अप समूहातून घेतला आहे की स्वतःच्या नावाने, आणि आपण कोणत्या करप्रणालीत आहोत. निरोगी असताना स्वतःच्या नावाने एखादी लहान पॉलिसी सुरू ठेवली, तर तिचा प्रतीक्षा कालावधी नोकरीच्या काळातच पूर्ण होतो. हप्त्यावरील कर शून्य झाल्याने ही तयारी पूर्वीपेक्षा कमी खर्चात करता येते.

धोरणाच्या पातळीवरील प्रश्न मात्र कायम आहे. समूह विम्यालाही करमाफी द्यावी, नियोक्त्याला क्रेडिट द्यावे, की सध्याची विभागणी तशीच ठेवावी, याचा निर्णय केंद्र व राज्यांचे प्रतिनिधी असलेल्या जीएसटी परिषदेलाच घ्यावा लागेल. तोपर्यंत नोकरीसोबतच्या विम्याची किंमत वेतनपत्रकात दिसो वा न दिसो, तीत १८ टक्क्यांचा कर सामावलेला राहील.